पात्र

जुलै २०२५ मधल्या एका पावसाळी दुपारी आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला एक कागद होता. धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्याची ती झेरॉक्स; तिच्यावर ‘खरी प्रत’ असा शिक्का आणि आमच्यापैकी कुणाची तरी सही हवी होती. मूळ दाखला मागितला तेव्हा ती म्हणाली, “मूळ आणलेला नाही, मॅडम. आणायला सांगितलेलंच नाही.” मग जरा थांबून, खाली बघत, “तुम्ही नाही म्हणा ना. म्हणजे मला घरी तसं सांगता येईल.”

दाखल्यावर जन्मवर्ष २०१० होते. मुलगा २०१२ च्या नोव्हेंबरातला. शेवटच्या दोनाचे शून्य कुणीतरी बऱ्यापैकी सफाईने केले होते.

आम्ही नाही म्हटले. ते अवघड नव्हते. बनावट कागदावर सही न करण्यासाठी फारसे चारित्र्य लागत नाही. अवघड होते ते पुढचे, म्हणजे ती नकार मागायला का आली होती हे समजून घेणे. त्या दिवशी ती तासभर बोलली आणि त्यानंतर आम्ही अनेक दिवस तिच्या बोलण्याभोवती फिरत राहिलो. हा लेख त्या फिरण्याचाच आहे.

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि मानखुर्दला राहतो. आमच्यापैकी एकाचे बालपणही इथलेच, हार्बरची गाडी मानखुर्दलाच संपत असे त्या काळातले. १९९२ साली रूळ खाडी ओलांडून वाशीला गेले आणि शेवटचे स्टेशन मधले झाले. नंतर रेल्वेमार्गांलगतच्या आणि रस्त्यांत गेलेल्या झोपड्यांतली कुटुंबे इथल्या पुनर्वसनाच्या इमारतींत आली. त्यांच्याबरोबर त्यांची मंडळे आली, त्यांचे गणपती आले, आणि गोविंदा पथकेही आली. गुरुपौर्णिमा झाली की रात्री दहानंतर इमारतींमधल्या मोकळ्या जागांत सराव सुरू होतो. खिडकीतून शिट्टीचा आवाज येतो, मग सगळे शांत, मग एकदम गलका. त्या गलक्यावरून थर लागला की कोसळला हे आम्हाला घरबसल्या कळते.

ही मुलगी नऊ वर्षांची असताना महिला पथकाच्या सर्वांत वरच्या थरावर जाऊ लागली. पाचवा थर. आई पहिल्या थरात, वडील पुरुषांच्या पथकात, त्यामुळे घरात कुणी परवानगी मागण्याचा प्रश्नच आला नाही. कायदा मात्र तेव्हाच तिच्या मागे लागलेला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना थरांत मनाई केली आणि हंडीची उंची २० फुटांवर आणली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, सवलती मिळाल्या, पुन्हा गेल्या. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये, १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेऊ देणार नाही, ही राज्य सरकारची हमी उच्च न्यायालयाने नोंदवून घेतली आणि उंचीचे बंधन सुटले. तेव्हा ती ११ वर्षांची होती. तिचे पथक नियम पाळणाऱ्यांपैकी निघाले. तिला सांगण्यात आले, तीन वर्षे थांब.

ती थांबली. चौदा झाली ते वर्ष २०२०. त्या वर्षी दहीहंडी झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. करोनाची ती दोन वर्षे तिने एका विचित्र तपश्चर्येत काढली. रात्री एकच चपाती. सुरुवातीला घरात कुणाच्या लक्षात आले नाही, कारण तेव्हा अनेक घरांत ताटात कमीच पडत होते. वजन वाढू द्यायचे नाही, इतकेच तिने ठरवले होते. हंडी पुन्हा सुरू झाली की वर जायचे. २०२२ साली हंडी पुन्हा सुरू झाली. सरावाच्या पहिल्या रात्री पथकाच्या ताईंनी वजनकाटा आणला होता. ती सोळा वर्षांची, नियमाने पूर्णपणे पात्र, वजन सत्तेचाळीस किलो. ताईंनी तिच्या खांद्यांवर हात ठेवून सांगितले, “तुझे खांदे चांगले झालेत गं. तू दुसऱ्या थरात ये.”

“वाईट नव्हतं बोलल्या त्या,” ती आम्हाला म्हणाली. “कौतुकच होतं.”

‘पात्र’ हा शब्द आम्ही वर्गात नेहमी घेतो, कारण एकाच शब्दाचे अर्थ कसे पांगतात ते दाखवायला तो सोयीचा पडतो. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे नाटकातली व्यक्ती, पात्र म्हणजे योग्य. दान कुणाला द्यावे ही चर्चा करणाऱ्यांनी भांड्यावरूनच योग्यतेचा अर्थ घेतला असणार. ज्यात काही घालता येईल, टिकेल, ते पात्र. तिची हकीकत ऐकताना आमच्या मनात आले, की दहीहंडीत हे तिन्ही अर्थ एका दोरीवर टांगलेले आहेत. वर मडके, त्याला हात लावणारे ते सोंग घेतलेले मूल, आणि त्या मुलाच्या वयाचा दाखला.

ते मूल म्हणजे अर्थातच गोकुळातला कृष्ण. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात उद्धव सांगतो त्यानुसार कृष्ण व्रजात राहिला तो अकरा वर्षे. त्यानंतर मथुरा. म्हणजे लोण्याची सगळी लीला अकराव्या वर्षाच्या आतली, आणि २०१७ च्या हमीप्रमाणे खुद्द कृष्णच दहीहंडीला अपात्र ठरतो! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. आम्हीही हसून सांगत आलो आहोत.

वयाच्या शब्दांचा तर आमच्याकडे आणखीच गोंधळ. जुन्या गणनेत पाचपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. म्हणजे कुमार लहान, किशोर मोठा. आमच्या मैदानांनी हे उलटे केले. कबड्डी आणि खो-खोत किशोर गट धाकट्यांचा, कुमार गट त्यांच्याहून थोरांचा. आणि पौगंड, ज्याचा अर्थ पाच ते दहा, तो ‘पौगंडावस्था’ होऊन दाढीमिशा फुटण्याच्या वयाला चिकटला. शब्द बिचारे काय करणार? ज्या वयाला नेमके काय म्हणावे हे कुणालाच ठरवता येत नाही, त्या वयाभोवती ते घिरट्या घालतात.

आता बर्फाकडे वळायला हवे. मानखुर्दच्या लेखात बर्फ कुठून आला असे वाचकांना वाटेल, तर तो तिनेच आणला. टाळेबंदीत मोबाइलवर कसरतींचे व्हिडिओ पाहता पाहता ती फिगर स्केटिंगपाशी पोहोचली आणि तिथे तिला कामिला वालियेवा सापडली. रशियाची, जन्म एप्रिल २००६. “मॅडम, माझ्याच वर्षाची.” फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोघी पंधरा वर्षांच्या होत्या, एक तिथे बर्फावर, दुसरी इथे एका चपातीवर. दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी तिने याच विषयावर बारा पानांचा निबंध लिहून दिला होता. मराठीच्या पेपरला हा विषय कसा, असा शेरा आमच्यापैकी एकाने त्यावर मारला होता, हे इथे कबूल केले पाहिजे. आता तो निबंध आम्ही पुन्हा वाचला आणि शेऱ्याची लाज वाटली.

बर्फावरच्या जगातही वयाची एक तारीख असते, १ जुलै. त्या वर्षीच्या १ जुलैपूर्वी जिने तेरा पूर्ण केली आणि एकोणीस केली नाहीत ती कनिष्ठ गटाला पात्र. वरिष्ठ जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिक यांसाठी दीर्घकाळ पंधरा पूर्ण असण्याची अट होती. म्हणजे पंधरा ते एकोणीस ही चार वर्षे मुलगी दोन्हीकडे पात्र. आमच्यापैकी एकाच्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सोयीने लिहून टाकली. आपल्याकडे तारीख माणसाच्या सोयीने वाकते. तिकडे माणसाला वाकावे लागते. जपानची माओ असादा २५ सप्टेंबर १९९० ला जन्मली. डिसेंबर २००५ मध्ये तिने टोकियोत ग्रां प्रीची अंतिम स्पर्धा जिंकली, तीही इरिना स्लुत्स्कायासारख्या विश्वविजेतीला मागे टाकून. दोन महिन्यांनी ट्यूरिनला ऑलिंपिक होते आणि जगातल्या या सर्वोत्तम मुलीला तिथे प्रवेश नव्हता, कारण ती ८७ दिवस उशिरा जन्मली होती. चार वर्षांनी व्हँकुव्हरला ती गेली आणि रौप्यपदक घेऊन आली.

उलट उदाहरण अमेरिकेच्या तारा लिपिन्स्कीचे. पंधराची अट १९९६ साली आली, पण ती त्याआधीच वरिष्ठ जागतिक स्पर्धेत उतरलेली असल्याने तिला नियमातून सूट मिळाली. १९९७ मध्ये चौदाव्या वर्षी विश्वविजेती, १९९८ मध्ये नागानोला पंधराव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, आणि लगेच स्पर्धांतून निवृत्ती. आणखी मागे गेले तर १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेची सोन्या हेनी अकरा वर्षांची होती. आठांत आठवी आली. तेव्हा कुणी दाखला मागितला नाही. पुढे तिने लागोपाठ तीन सुवर्णपदके जिंकली, पण तो काळ निराळा होता. बर्फावर आकृत्या कोरण्यात हात बसायला वर्षे लागत आणि मोठे होणे हा तोटा नव्हता.

तोटा झाला तो उड्यांमुळे. उडी मारून हवेत चार वेळा फिरायचे आणि एका पायावर उतरायचे, आणि हाती वेळ पाऊण सेकंदाहूनही कमी. शरीर जितके अरुंद आणि हलके तितके वेगाने फिरते. मुलीचे कंबरेचे हाड रुंदावले, उंची चार बोटे वाढली की तीच उडी, तोच सराव, पण फेरा अपुरा पडतो. मॉस्कोच्या एटेरी तुत्बेरिद्झे यांच्या हाताखालच्या मुली एकामागून एक आल्या आणि गेल्या. युलिया लिपनित्स्कायाने २०१४ मध्ये सोचीला पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवले. २०१७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ती निवृत्त झाली, अन्न नको होण्याच्या आजारावर उपचार घेऊन. अलिना झागितोवा २०१८ ची सुवर्णविजेती, तीही पंधराची. डिसेंबर २०१९ मध्ये सतराव्या वर्षी थांबली ती स्पर्धेत परतली नाही. मग वालियेवा, ऑलिंपिकमध्ये चार फेऱ्यांची उडी यशस्वी करणारी पहिली स्त्री. स्त्री म्हणायचे ते गटाच्या नावावरून. डिसेंबर २०२१ मधल्या तिच्या नमुन्यात हृदयविकारावरचे बंदी असलेले औषध सापडले होते आणि ही बातमी ऑलिंपिक चालू असताना फुटली. लवादाने तिला खेळू दिले, त्याचे एक कारण असे की सोळा वर्षांखालील असल्याने उत्तेजकविरोधी नियमांत ती ‘संरक्षित व्यक्ती’ होती. ती दडपणाखाली पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली. जानेवारी २०२४ मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी कायम झाली.

आमच्या विद्यार्थिनीच्या निबंधातले या ठिकाणचे म्हणणे साधारण असे होते: शिक्षेच्या वेळी ती लहान धरली गेली आणि स्पर्धेच्या वेळी मोठी, तिला स्वतःला आपण कोण आहोत असे वाटत होते, ते कुणी विचारले नाही.

बीजिंगनंतर, जून २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने फुकेतच्या अधिवेशनात वरिष्ठ गटाचे किमान वय सतरावर नेले. १०० मते बाजूने, १६ विरुद्ध. दोन टप्प्यांत ते अमलात आले. दोन्हीकडे पात्र असण्याची चार वर्षे आता दोन उरली. तिकडे रेघ पंधरावरून सतरावर चढली, आपल्याकडे अठरावरून चौदावर उतरली. दोन्ही ठिकाणी रेघ ओढणाऱ्यांना मुलांची काळजी होती याविषयी आम्हाला शंका नाही. पण सतराची अट आल्यावरही कनिष्ठ गट तेरापासून सुरू होतोच, आणि उड्या तिथेही मोजल्या जातात. जोडीने खेळायच्या प्रकारात मुलाला मुलीपेक्षा मोठ्या वयापर्यंत कनिष्ठ राहता येते, ही बारीक गोष्टही त्या निबंधात होती. त्यापुढे कंसात तिने लिहिले होते: ‘उचलणाऱ्याला वय चालते.’

त्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. न बोलावता गेलो, हे शिक्षकांनी करावे की नाही याबद्दल आमच्यात जिन्यातही वाद चालू होता. वडील नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा सांगितला आणि विषय निघाल्यावर अजिबात चिडले नाहीत. “सर, तुमच्याकडे वय कागदावर असतं. आमच्या खांद्याला वय कळत नाही, वजन कळतं,” ते म्हणाले. “पोरगं तीस किलोचं आहे. चौदाचा पोरगा वर घेतला तर तो पंचेचाळीसचा. खालच्या सात जणांची मान मोडायची? मग सुरक्षित कुठलं, तुम्हीच सांगा, मॅडम.”

आम्हाला उत्तर देता आले नाही. वजनाचे हे गणित खोटे नव्हते. थर कमी लावा, हे त्याचे उत्तर. पण २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या आरक्षणाची घोषणा झाली, पुढच्या वर्षी प्रो-गोविंदा स्पर्धा आली, आणि हे सगळे थरांच्या संख्येवर उभे आहे. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून जागतिक विक्रम केला, तो आकडा इथल्या पोरांना पाढ्यांसारखा पाठ. त्या माणसाला मुलाचा जीव नको होता असे नाही. तो स्वतः सर्वांत खाली उभा राहणार होता. पोरगा पडलाच तर आपल्या अंगावर पडेल, इतकी साधी त्याची खात्री होती.

“हिला काय झालं? चांगली कॉलेजात शिकतेय की,” मुलीकडे बोट करून ते म्हणाले.

ती ओट्याशी उभी होती. चपातीचा विषय आम्हाला माहीत होता, त्यांना नव्हता. ती आमच्याकडे पाहत होती, आणि आम्ही तो काढला नाही. तिचे होते ते तिनेच सांगायचे, असे त्या क्षणी वाटले; घरी परतताना ते धैर्य नसण्याचे सभ्य नाव आहे असेही वाटले.

आणखी एक गोष्ट. २०१६ साली, ती दहा वर्षांची असताना, आम्ही स्टेशनजवळच्या नाक्यावर गर्दीत उभे राहून एका महिला पथकाची सलामी पाहिली होती. मोबाइलमध्ये त्याचा फोटो अजून आहे. वर एक चिमुरडी, डोक्याला टोपी, दोन्ही हात जोडलेले. खाली त्या वर्षी आम्ही तो कुणाकुणाला पाठवला आणि काय लिहून पाठवला तेही दिसते. चेहरा ओळखू येत नाही. ती तीच होती का, हे आम्ही तिला विचारलेले नाही.

ऑगस्टमध्ये, दहीहंडीला आठवडा उरला असताना, दहिसरच्या केतकीपाड्यात सरावात वरच्या थरावरून पडून अकरा वर्षांचा मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले, की वडिलांनी तो कागद फाडला. बोलले काहीच नाहीत, फक्त फाडला, आणि रात्री सरावाला गेले. पथकाने वर जायला दुसरा मुलगा शोधला. तो चौदाचा आहे असे सांगतात.

१६ ऑगस्टला सकाळपासून पाऊस कोसळत होता. महाराष्ट्रनगरात हंडीचा दोर बांधताना एक बत्तीस वर्षांचा माणूस पडून गेल्याची बातमी त्या दिवशी मानखुर्दभर पसरली. वयाच्या कुठल्याही नियमात तो बसत होता. तरी संध्याकाळी नाक्यावर गर्दी होती, आणि आम्हीही होतो. आधी महिलांची सलामी झाली. ती दुसऱ्या थरात होती, पाठमोरी, तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन पाय. वर कोण चढतेय तिकडे सगळ्यांच्या माना, आमच्या मात्र तिच्या खांद्यांकडे. मग पुरुषांचे पथक आले, तिचे वडील आतल्या गोलात दिसेनासे झाले.

तिचा भाऊ आमच्या शेजारी छत्रीत उभा होता. तो मोठ्याने थर मोजत होता. पाचपर्यंत मोजून थांबला आणि बोटांवर दुसरेच काहीतरी मोजू लागला.

“सर, मी चौदाचा पुढच्या नोव्हेंबरला होणार. म्हणजे २०२७ च्या हंडीला मला चालेल ना?”

चालेल, आम्ही म्हटले.

“पण तेव्हा मी किती किलोचा असेन?”